कात्रजच्या घाटात तयार झालेला कान

गाण्याच्या बाबतीत आपण ‘कान तयार होणे’ असे म्हणतो. माझा कान 1968 साली बनलेल्या एका फियाट डिलाइटच्या चार सिलिंडरांवर तयार झाला, आणि तोही बहुतांशी कात्रजच्या जुन्या घाटात. आज साठी ओलांडल्यावरही मोटार चालवायला बसले की मी आधी रेडिओ बंद करते, काच चार बोटे खाली घेते आणि पहिली काही मिनिटे नुसती ऐकते. मोटारींवरचे माझे प्रेम वेगातून आले नाही आणि मालकीतूनही आले नाही. लहानपणी ज्या दोन-तीन गाड्यांच्या जवळ मला जाता आले, त्या गाड्या आतून काय चालले आहे ते आवाजाने सांगत असत, आणि ते समजून घ्यायला शिकवणारा माणूस घरातच होता, हे त्याचे खरे कारण आहे.

1971 साली मी सात वर्षांची होते. सदाशिव पेठेतील आमच्या वाड्यात अकरा बिऱ्हाडे होती आणि मोटार एकच, माझ्या काकांची. पुणे तेव्हा सायकलींचे शहर म्हणून ओळखले जाई. सकाळच्या वेळी सायकलींच्या घंटा, टांग्याच्या घोड्याच्या टापा आणि दूधवाल्याच्या किटल्यांचा खडखडाट यांतून मोटारीचा आवाज वेगळा उठून येई, आणि गल्लीच्या तोंडाशी शिरलेली गाडी कोणती आहे हे आम्ही मुले अंगणातून न बघता सांगत असू. अँबॅसडरचे 1489 सीसीचे इंजिन खालच्या पट्टीत, सावकाश बोले. तिचे दार लागले की लाकडी कपाट लावल्यासारखा भरीव आवाज होई. फियाटचे इंजिन 1089 सीसीचे, त्यामुळे तिचा स्वर जरा वरचा आणि जरा घाईचा असे. मागच्या गल्लीतील एका वकिलांकडे त्याहून जुनी फियाट होती, जिची पुढची दारे उलट्या बाजूने उघडत आणि जिला तिच्या फुगीर नाकामुळे लोक ‘डुक्कर फियाट’ म्हणत. ती चौकात वळली की गिअरचा एक बारीक रडवेला सूर लागे, तो मला आजही जसाच्या तसा आठवतो.

समोरच्या बंगलीत राहणाऱ्या डॉक्टरांकडे स्टँडर्ड हेराल्ड होती. मोटारीच्या पोटात काय असते हे मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिले ते या गाडीमुळे. मद्रासला तयार होणारी ही गाडी मूळच्या इंग्लंडच्या ट्रायम्फ हेराल्डवरून घेतलेली होती आणि तिची आखणी जोव्हानी मिकेलोत्ती या इटालियन आरेखकाने केली होती, हे मला पुष्कळ नंतर कळले. त्या वयात मला एवढेच दिसत असे की डॉक्टर दोन्ही बाजूंच्या चापा सोडत आणि गाडीचे अख्खे नाक, दिवे आणि दोन्ही मडगार्डांसकट, पुढे झुकवून ठेवत. मग इंजिन, पुढची दोन्ही चाके, त्यांना जोडणारे दांडे आणि स्प्रिंगा हे सगळे उघड्यावर येई. डॉक्टर चक्क पुढच्या टायरवर बसून इंजिनात ठिणगी पाडणारे प्लग साफ करत. त्यांचा मुलगा आत बसून स्टिअरिंग फिरवी आणि मी समोर उभी राहून, आडवा दांडा डावीकडे सरकला की चाके कशी वळतात, ते पाहत राही. हेराल्डची चाके इतकी वळत की सुमारे पंचवीस फूट रुंदीच्या जागेत ती पूर्ण गोल फिरू शके. आमच्या पेठेतल्या गल्लीत तेवढी जागा नव्हती. तरी एकदा पुढे आणि एकदा मागे घेऊन डॉक्टर जिथे दुसऱ्या गाड्या चारदा अडखळत तिथून सहज बाहेर पडत. रात्री-अपरात्री व्हिजिटला जाणाऱ्या माणसाला गाडी निवडण्यासाठी एवढे कारण पुरेसे होते, असे मला आता वाटते.

काकांचा छापखाना होता. तळमजल्यावर दोन ट्रेडल यंत्रे होती. खिळे जुळवताना काका यंत्राकडे पाठ करून बसत, आणि मागे ट्रेडलच्या ठेक्यात कणभर फरक पडला तरी न वळता ‘रोलर बघ’ किंवा ‘तेल घाल’ असे माणसाला सांगत. त्यांची मोटारीची विद्या या यंत्रांतूनच आलेली होती. नव्या गाडीसाठी त्या काळी नाव नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे, म्हणून त्यांनी तीन वर्षे वापरलेली, फिकट निळ्या रंगाची फियाट 1100 डिलाइट घेतली. ती कुर्ल्याला प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात तयार झालेली होती. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी 1944 साली ही कंपनी काढली, हे काका अभिमानाने सांगत, कारण आमचे आजोळही सोलापूरचे. पुढे याच गाडीचे नाव प्रीमियर प्रेसिडेंट आणि 1974 पासून प्रीमियर पद्मिनी झाले, परंतु लोकांच्या तोंडी ती शेवटपर्यंत फियाटच राहिली.

पुढची बैठक अखंड होती आणि गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या खालीच असल्यामुळे मधली जागा मोकळी असे. ती जागा माझी. उन्हात तापलेल्या रेक्झिनचा आणि पेट्रोलचा एकत्र वास, त्रिकोणी काचेतून थेट तोंडावर येणारा वारा, आणि डाव्या हाताला काकूंच्या मांडीवर ठेवलेला डबा. या तीन गोष्टींशिवाय मला प्रवासाची कल्पनाच करता येत नसे.

खरे शिक्षण रविवारी होई. सकाळचा चहा झाला की काका जुने धोतर फाडून केलेले फडके, प्लग पाना, चपटा स्क्रूड्रायव्हर आणि पॉलिश पेपरचा तुकडा घेऊन खाली उतरत, आणि मी त्यांच्या मागोमाग. बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर आहे का, रेडिएटरमधले पाणी कुठवर आहे, फॅन बेल्ट अंगठ्याने दाबल्यावर किती दबतो, हे पाहण्याचे काम हळूहळू माझ्याकडे आले. डेल्कोचे, म्हणजे प्लगना वीज वाटणाऱ्या डबीचे, टोपण काढून काका आतले पॉइंट दाखवत. ते दोन इवले धातूचे ठिपके उघडले की कॉइलमधून ठिणगीची वीज निघते आणि रोटर फिरत फिरत ती आळीपाळीने एकेका प्लगला पोहोचवतो, हे त्यांनी मला देवळातल्या प्रसादाच्या उदाहरणाने समजावून सांगितले: वाटणारा एक, रांगेत चार जण, आणि प्रत्येकाची पाळी ठरलेली. फियाटमध्ये ती पाळी एक, तीन, चार, दोन अशी असे. मी हा क्रम पाढ्यासारखा पाठ केला होता. दोन पॉइंटांमधली फट अर्ध्या मिलिमीटरपेक्षा थोडी कमी ठेवायची असते. फट मोजायच्या पातळ पट्ट्या, म्हणजे फीलर गेज, हाताशी नसेल तेव्हा काका छापखान्यातले व्हिजिटिंग कार्ड त्या फटीत सरकवून बघत. कार्डाच्या कागदाची जाडी त्यांना बोटांनी कळत होती, त्यामुळे त्यांचा अंदाज सहसा चुकत नसे.

या सगळ्यानंतर इंजिन सुरू होई, आणि काका मला बोनटच्या बाजूला उभे करून डोळे मिटायला सांगत. ‘आधी ऐक, मग हात लाव,’ हे त्यांचे नेहमीचे वाक्य होते. सुरुवातीला मला नुसता गलबला ऐकू येई. काही महिन्यांनी त्या गलबल्यात थर दिसू लागले. टॅपेटची, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागांची, हलकी टिकटिक वरच्या बाजूने येते; पंख्याचा वारा समोरून घोंघावतो; डायनॅमोचा सूर इंजिनाच्या वेगाबरोबर चढतो; आणि या सगळ्यांच्या खाली सायलेन्सरमधून येणारा चार मात्रांचा ठेका चालू असतो. हा ठेका सम असला की इंजिन निरोगी आहे असे समजायचे. काका सवाई गंधर्व महोत्सवाला न चुकता जात, आणि पंडित भीमसेन जोशी स्वतः गाडी चालवत दूरदूरच्या मैफलींना जातात हे पुण्यात सर्वांनाच ठाऊक होते. ज्या माणसाचा कान इतका सुरेल आहे त्याला मोटार आवडते यात काकांना नवल वाटत नसे; मला तर ती अगदी स्वाभाविक गोष्ट वाटे.

मे महिन्यात आम्ही वाईला जात असू. काकूंचे माहेर तिथले. उन्हाच्या आधी घाट ओलांडायचा म्हणून पहाटे पाचला निघायचे. थंड इंजिनाला पेट्रोल जास्त मिळावे म्हणून काका चोक ओढून गाडी सुरू करत आणि इंजिन गरम होईल तसा तो बोटाबोटाने आत ढकलत. स्वारगेट मागे पडले की कात्रजपर्यंत रस्ता जवळजवळ रिकामाच असे आणि मग चढ लागे. फियाटची ताकद सुमारे 40 अश्वशक्ती. आत पाच माणसे, डिकीत आंब्याच्या रिकाम्या पेट्या आणि वर कॅरिअरवर वळकट्या. अशा वेळी तिसरा गिअर कुठे सोडायचा आणि दुसरा कधी घालायचा यावर सगळे अवलंबून असते. वेगमापकाकडे काका पाहत नसत. इंजिनाचा आवाज भरडा होऊ लागला, म्हणजे प्रत्येक ठोका सुटा सुटा ऐकू येऊ लागला, की ते लगेच खालचा गिअर घालत. त्याला उशीर झाला तर ‘नॉकिंग’ सुरू होते: डब्यात बारीक खडे हलवल्यासारखा आवाज. सिलिंडरमधले मिश्रण ठिणगीपासून शिस्तीत जळत जाण्याऐवजी त्याचा उरलेला भाग स्वतःहूनच एकदम पेटतो आणि पिस्टनवर घाव बसतो, असे त्याचे कारण आहे. त्या काळच्या पेट्रोलचा ऑक्टेन कमी असल्यामुळे हा आवाज घाटात नेहमी ऐकू येई. दुसऱ्याच्या गाडीतून तो ऐकू आला तरी काकांच्या कपाळाला आठी पडत असे. मुके जनावर कोणी मारताना पाहिले की पडते तशी.

ज्या गिअरने चढायचे त्याच गिअरने उतरायचे, हा दुसरा नियम. उतारावर इंजिन गाडीला मागे धरून ठेवते आणि ब्रेक तापत नाहीत. आणि चढणाऱ्या गाडीला नेहमी वाट द्यायची, कारण चढावर थांबलेल्या भरल्या ट्रकला पुन्हा निघणे किती अवघड असते, हे उतरणाऱ्याला जाणवत नाही. हे शिष्टाचार मला वाहन परवान्याच्या पुस्तकात वाचण्याच्या दहा वर्षे आधी माहीत होते.

1974 सालच्या मे महिन्यातला प्रसंग मला तपशिलासकट आठवतो. कात्रजच्या जुन्या बोगद्याच्या थोडे अलीकडे गाडीचा ठेका मोडला. तीन मात्रा वाजत होत्या आणि चौथी रिकामी जात होती. गाडीला त्या तालावर एक बारीक हिसका बसत होता. मी काकांकडे पाहिले. त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि विचारले, ‘काय झाले?’ मी म्हणाले, ‘मिसिंग आहे. एक प्लग जळत नाही.’ त्यांनी गाडी डोंगराच्या अंगाला घेतली, हँडब्रेक ओढला, मागच्या चाकाला दगड लावायला सांगितले आणि इंजिन चालूच ठेवून बोनट उघडले. मग त्यांनी फडक्याची चौपदरी घडी करून पहिल्या प्लगची वायर काढली. इंजिन लगेच अडखळले, म्हणजे तो प्लग काम करत होता. वायर परत लावली. दुसऱ्या प्लगची काढली, तेव्हाही तसेच झाले. तिसऱ्याची काढली आणि आवाजात काहीच फरक पडला नाही. जो मुळातच मुका आहे त्याला गप्प केल्याने काय बदलणार? काकांनी इंजिन बंद केले आणि पाना माझ्या हातात दिला.

प्लग गरम होता. फडक्यातून तो बाहेर आला तेव्हा त्याच्या टोकावर काळे, तेलकट कीट बसलेले दिसले. काकांनी तो बाजूला ठेवला आणि डॅशबोर्डच्या कप्प्यातून आदल्या रविवारी साफ केलेला जादा प्लग काढून दिला. प्लग बसवताना सुरुवातीचे आटे हातानेच फिरवायचे असतात, पाना शेवटी लावायचा असतो, नाहीतर आटे तिरके जातात आणि मोठे काम निघते. मी चिमटीत धरून तो फिरवला. पहिला फेरा अडला, तेव्हा उलटा घेऊन पुन्हा घातला. मग तो लोण्यात बोट जावे तसा आत गेला. गाडी सुरू झाली आणि चारही मात्रा जागेवर आल्या. काका काही बोलले नाहीत. त्यांनी फडके माझ्या खांद्यावर टाकले आणि बोनट लावले. मी दहा वर्षांची होते. पुढे शाळेत-कॉलेजात आणि नोकरीत मला जी काही शाबासकी मिळाली, तिच्यापेक्षा खांद्यावर पडलेले ते तेलकट फडके माझ्या मनात जास्त घर करून राहिले आहे.

परतीच्या प्रवासात त्याच वर्षी खंबाटकीच्या घाटात भर दुपारी गाडी थांबली, पण त्यात गाडीचा दोष नव्हता. कार्बोरेटरच्या त्या काळातल्या बहुतेक गाड्यांना कडक उन्हात हा त्रास होत असे. टाकीतून पेट्रोल ओढणाऱ्या, इंजिनाला चिकटून असलेल्या एसी पंपात पेट्रोल इतके तापते की त्याची वाफ होते. पंप वाफ ओढत राहतो आणि कार्बोरेटरला पेट्रोल पोहोचत नाही. याला व्हेपर लॉक म्हणतात. घाटात एका वळणावर बोनट उघडून ठेवलेल्या चार गाड्या एकामागे एक उभ्या होत्या आणि चालक एकमेकांना पाणी देत होते. काकूंनी सुरईतल्या पाण्याने पंचा भिजवला, काकांनी तो पंपाभोवती गुंडाळला, आणि आम्ही झाडाखाली बसून दशम्या खाल्ल्या. वीस मिनिटांनी गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली. ओल्या पंचाने मोटार दुरुस्त होते आणि त्यामागे पदार्थविज्ञानाचे सरळ कारण असते, ही गोष्ट मला विलक्षण सुंदर वाटली होती आणि आजही वाटते.

अँबॅसडरची ओळख मात्र मला पुणे-दादर टॅक्सीत झाली. मुंबईच्या आत्याकडे जाताना बोरघाटात चालक शिंग्रोबाच्या देवळाशी गाडी हळू करून नाणे टाकत असे. घाटाची वाट इंग्रजांना दाखवणाऱ्या धनगराचे ते देऊळ, असे सांगतात. फियाटच्या मानाने अँबॅसडर खड्ड्यातून जाताना फारशी कुरकुर करत नसे आणि तिचा दिव्यांचा डिपर पायाशी, जमिनीवर असे. रात्रीच्या प्रवासात चालकाच्या डाव्या पायाची ती टकटक ऐकत मी जागी राहायची. समोरून येणाऱ्या प्रत्येक गाडीला केलेला तो एक नमस्कारच होता.

1982 साली अठरा पूर्ण झाल्यावर काकांनी मला सिंहगड रस्त्यावर, वडगावच्या पुढे, पहाटेच्या वेळी गाडी शिकवली. माझ्या बरोबरीच्या मुली लूनावर कॉलेजला जात. लूना माझ्याकडेही होती आणि तिच्यावर माझे प्रेमही होते, परंतु फियाटचा गिअर पडण्याची वेळ साधणे हा वेगळाच आनंद होता. चालत्या गाडीत दुसऱ्यावरून पहिला गिअर घालायचा तर क्लच दाबून गिअर न्यूट्रलला आणायचा, क्लच सोडायचा, रेस थोडी वाढवायची, पुन्हा क्लच दाबायचा आणि मग गिअर घालायचा. इंजिनाचा वेग आणि चाकांचा वेग त्या क्षणी जुळला तर दांडा आपणहून आत जातो. नाही जुळला तर दात करकरतात. इंजिनाचे फेरे दाखवणारा काटा त्या गाडीत नव्हता. सगळे कानावरच. पहिले पंधरा दिवस मी करकरच केली आणि काका प्रत्येक वेळी ‘रेस कमी पडली’ किंवा ‘घाई झाली’ एवढेच सांगत. सोळाव्या की सतराव्या दिवशी गिअर आवाज न करता पडला. मी इतकी हरखले की पुढचे वळण विसरून सरळ एका शेताच्या बांधापर्यंत गेले.

पुढच्या काळाबद्दल फार लिहिण्यासारखे माझ्याकडे नाही. डिसेंबर 1983 मध्ये मारुती आली, 796 सीसीचे तीन सिलिंडरचे इंजिन घेऊन. तीन मात्रांचा तो ठेका माझ्या कानाला आरंभी परका वाटला. पिंपरीच्या टेल्कोतून 1991 साली सिएरा, 1994 साली सुमंत मुळगावकरांच्या नावाची आठवण ठेवणारी सुमो आणि 1998 च्या अखेरीस इंडिका बाहेर पडली, तेव्हा पुणेकर म्हणून मला त्या प्रत्येकीचे कौतुक होते. इंजेक्शनच्या गाड्या आल्या, चोक आणि डेल्को गेले. या गाड्या चांगल्या आहेत, त्यांचा धूर कमी आहे, त्या घाटात थांबत नाहीत, आणि माझी रोजची गाडी तशीच आहे. परंतु इंजिनावरचे प्लास्टिकचे झाकण पाहिले की मला डॉक्टरांच्या हेराल्डचे ते पुढे झुकलेले नाक आठवते. आजच्या सात वर्षांच्या मुलीला चाक कसे वळते हे कोण आणि कुठे उघडून दाखवणार, असा प्रश्न माझ्या मनात येतो.

काकांनी फियाट 1991 साली विकली. मोतीबिंदूमुळे रात्री दिसत नव्हते आणि दिवसा रहदारी वाढली होती. गाडी न्यायला आलेल्या माणसाला त्यांनी अर्धा तास इंजिन ऐकवले. कोणता आवाज नेहमीचा आहे आणि कोणता आला तर थांबायचे, हे समजावले, आणि पेट्रोलच्या नोंदींची वीस वर्षांची वही त्याच्या हाती दिली. ती वही मी मागून घ्यायला हवी होती.

2009 साली मला एरंडवण्यातील एका आजोबांकडे 1978 सालची पद्मिनी मिळाली. नाना पेठेतल्या सुट्या भागांच्या दुकानांत मी तेव्हापासून इतक्या वेळा गेले आहे की दोन दुकानदार मला ‘फियाटवाल्या ताई’ म्हणूनच ओळखतात. डेल्कोचे टोपण, एसी पंपाचा पडदा, त्रिकोणी काचेचे रबर असे एकेक करत सगळे जमवले. 2000 साली शिसेमिश्रित पेट्रोल बंद झाले. त्या शिशामुळे जुन्या इंजिनांच्या व्हॉल्व्ह सीटना, म्हणजे व्हॉल्व्ह जिथे टेकतो त्या कड्यांना, आपोआप संरक्षण मिळत असे, म्हणून माझ्या मिस्त्रींनी हेड उतरवून कठीण धातूच्या सीट बसवल्या. आता पंपावर 20 टक्के इथेनॉल असलेले पेट्रोल मिळते आणि जुन्या रबराला ते मानवत नाही. सगळे पेट्रोलचे पाइप बदलावे लागले, तरी मी दर दोन महिन्यांनी ते हात फिरवून आणि वास घेऊन तपासते. 2028 साली गाडीला पन्नास वर्षे पूर्ण होतील आणि नियमाप्रमाणे तिला व्हिंटेज म्हणून नोंदवता येईल. मी तशी नोंद करणार नाही. व्हिंटेज ठरलेली गाडी नेहमीच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही, आणि प्रदर्शनात उभी राहिलेली गाडी ऐकू येत नाही. त्यापेक्षा मी दर पाच वर्षांनी पासिंगच्या रांगेत उभी राहीन आणि पर्यावरण कर भरीन.

महिन्यातून एका रविवारी मी तिला कात्रजच्या जुन्या घाटातून घेऊन जाते. नवा मार्ग झाल्यापासून या रस्त्यावरची अवजड वाहने कमी झाली आहेत आणि सकाळी सहाच्या सुमारास दोन्ही बाजूंच्या दरडींवरून स्वतःच्या इंजिनाचा आवाज परत ऐकू येतो. दुसऱ्या गिअरमध्ये बोगद्यात शिरले की तो आवाज चहूबाजूंनी भरून येतो आणि एखादा टॅपेट जरी सैल असला तरी तिथे लपत नाही.

गेल्या वेळी घाट उतरताना पुढच्या डाव्या चाकाकडून एक आवाज आला. खड्ड्यात नाही, खड्ड्यातून बाहेर पडताना, आणि तोही स्टिअरिंग थोडे उजवीकडे असतानाच. टक् असा, एकदाच, लाकडावर नख वाजवल्यासारखा. पाट्याचा, म्हणजे पट्ट्यांच्या स्प्रिंगचा, नव्हे, कारण पाटे मागे असतात. शॉक ॲब्सॉर्बरचे रबर असते तर आवाज मऊ आला असता. चाक ज्याभोवती वळते ती किंग पिन असेल तर चाक जॅकवर घेऊन वर-खाली हलवल्यावर कळेल. स्टिअरिंगच्या दांड्याचा बॉल जॉइंट असेल तर आडवे हलवल्यावर. मिस्त्री म्हणतात की सोमवारी गाडी आणून सोडा. मी मात्र जॅक, पान्हे आणि जुन्या साडीचे फडके काढून ठेवले आहे. रविवारी सकाळी चहा झाला की आधी पार्किंगमध्ये मुलीला स्टिअरिंग हळूहळू फिरवायला सांगणार आहे आणि चाकाशी कान लावून बसणार आहे.